सोडियमचा दिवा रात्रभर विझतो-पेटतो: जुन्या अमेरिकन कोब्रा हेडमधला दोष कसा सापडला

लक्षण आधी सांगतो. तुमचंही हेच असेल तर पुढे वाचा.

संध्याकाळी दिवा वेळेवर लागतो. सुरुवातीला निळसर-पांढरा, मग भडक पिवळा, तीन-चार मिनिटांत नेहमीचा सोनेरी. पंधरा-वीस मिनिटं छान जळतो आणि फट्कन विझतो. मिनिटभर काळोख. मग पुन्हा निळसर, पिवळा, सोनेरी, आणि पुन्हा फट्. हे पहाटेपर्यंत चालू. नवा बल्ब घातला की काही महिने शांतता, त्यानंतर पहिले पाढे पंचावन्न.

सोडियमच्या दिव्याचं हे म्हातारपणाचं दुखणं आहे आणि कुणालाही विचारलं तरी उत्तर येतं, ‘बल्ब संपला, बदला.’ उत्तर खरं आहे. पण १५० वॅटच्या सोडियम बल्बचं आयुष्य २४,००० तास धरतात. संध्याकाळ ते पहाट जळणारा दिवा वर्षाला साधारण ४,१०० तास जळतो. म्हणजे बल्ब पावणेसहा वर्षं चालायला हवा. माझा पहिला सात महिन्यांत गेला, दुसरा सहा, तिसरा पाच. तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला की बल्ब मरत नाहीयेत, त्यांना कुणीतरी मारतंय.

आमचं घर ओहायोत, क्लीव्हलंडपासून तासाभराच्या अंतरावर. जुनं शेतघर, रस्त्यापासून आत दोनशे फूट. वाटेच्या मध्यावर लोखंडी पाइपचा खांब आणि त्यावर कोब्रा हेड, म्हणजे नागाच्या फण्यासारखं पुढे झुकलेलं अॅल्युमिनियमचं हेड. अमेरिकेतल्या कुठल्याही जुन्या रस्त्यावर दिसतं तेच. आधीच्या मालकाने ते भंगारातून आणून बसवलं होतं. खांब खाजगी, मीटर माझं, म्हणून हात लावला. वीज कंपनीच्या किंवा गावाच्या खांबावर यातलं काहीही करायला जाऊ नका.

मी काय चुकलो

पहिल्या वेळी नुसता बल्ब बदलला. दुसऱ्या वेळी बल्ब आणि फोटोसेल (अंधार पडला की दिवा लावणारा डोळा) दोन्ही एकदम बदलले, दिवा नीट चालला, आणि दोष फोटोसेलचा होता असं मी मनाशी ठरवून टाकलं. तिसऱ्या वेळी बल्ब आणि इग्नायटर, म्हणजे दिवा पेटवायला विजेचे ठोके देणारा भाग. दर वेळी नव्या बल्बने दोष झाकला आणि श्रेय दुसऱ्याच वस्तूला गेलं. दोन गोष्टी एकदम बदलल्या की काहीच कळत नाही. हे शाळेत शिकलो होतो, पण शिडीवर चढलं की माणसाला फक्त लवकर खाली उतरायचं असतं.

गेल्या उन्हाळ्यात सासरे आले. उभी हयात वीज मंडळात काढलेली, आधी लाइनमन, मग वरच्या हुद्द्यावर. इथल्या दिवसरात्रीशी शरीर जुळेना, म्हणून रात्री दोन वाजता पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी पाकिटाच्या पाठीवर लिहिलेल्या वेळा माझ्यासमोर ठेवल्या.

“जावईबापू, तुमचा दिवा अठरा मिनिटं जळतो आणि एक मिनिट वीस सेकंद विझतो. सहा वेळा बघितलं.”

“फोटोसेल बदललाय मी, आप्पा.”

“फोटोसेलचा संबंध नाही. विझल्यावर खांबाला कान लावला. वर टर्र-टर्र चालूच आहे. वीज पोचतेय.”

मी विचारलं, खांबाला हात कसा लावलात? त्यांनी खिशातून टेस्टर काढून दाखवला. पुण्याहून येताना बॅगेत आणला होता. (तुम्ही कान लावण्याआधी हे विसरू नका. अर्थिंग तुटलेला लोखंडी खांब जिवंत असू शकतो.)

आधी घड्याळ

तो कागद मी अजून जपून ठेवलाय, कारण अर्धं निदान त्यावरच झालं होतं. दिवा विझण्याची कारणं मोजकी आहेत आणि प्रत्येकाची चाल वेगळी असते.

बल्ब थकला असेल तर तो पूर्ण तापल्यावरच विझतो. जळण्याचा काळ बराचसा नेमका असतो आणि आठवड्यागणिक आखडत जातो: आधी दोन तास, मग चाळीस मिनिटं, मग अठरा, मग पाच. विझल्यावर इग्नायटरची बारीक टर्र-टर्र ऐकू येते. आतली नळी थोडी निवली, दाब उतरला की मिनिटभरात दिवा परत धरतो.

फोटोसेल स्वतःच्याच दिव्याला फसत असेल, म्हणजे समोरच्या पांढऱ्या भिंतीवरून किंवा बर्फाने लगडलेल्या झाडावरून उजेड परत त्याच्या डोळ्यात जात असेल, तर दिवा पूर्ण तेजावर आला की थोड्याच वेळात जातो. विझल्यावर वर चिडीचूप असते, कारण फोटोसेलने वीजच तोडलेली असते. हा काळ महिनोन्महिने तेवढाच राहतो आणि बर्फ वितळलं की दोष आपोआप नाहीसा होतो. इथे जानेवारीत असे फसलेले दिवे खूप दिसतात. खात्री करायची तर फोटोसेल काढून त्या जागी शॉर्टिंग कॅप बसवा. ती फिरवून बसणारी टोपी असते, आतून सरळ जोडलेली. टोपी असतानाही दिवा विझला तर फोटोसेल निर्दोष. माझ्याकडे तेच झालं.

आणि विझण्याला काही ताळतंत्रच नसेल, कधी दोन मिनिटं, कधी रात्रभर काही नाही, वारा सुटला की जास्त, तर तारा आणि जोड बघा. विहिरीचा पंप सुरू होताना व्होल्टेज क्षणभर बसतो आणि तेवढ्यानेही सोडियमचा दिवा जातो. एकदा ज्योत, म्हणजे नळीतली विजेची कमान, तुटली की वीज लगेच परत आली तरी गरम नळी मिनिटभर पेटत नाही. घरातले दिवे नुसते लवतात, हा विझतो, म्हणून लोकांना वाटतं दोष याच्यातच आहे.

आमच्या खांबापाशी मल्टिमीटरवर १२१ व्होल्ट होते. शंभर फुटांवर खांब, १४ गेजची तार, जाऊन-येऊन दोनशे फूट. त्या तारेचा रोध अर्धा ओहम, दिव्याचा प्रवाह सव्वातीन अँपिअर, म्हणजे वाटेत दीड-पावणेदोन व्होल्ट जातात. १२० च्या साध्या चोकला (दिव्यातला प्रवाह आवरणारं वेटोळं) पाच टक्के चढ-उतार चालतो, ११४ च्या खाली नको. आम्ही त्याच्या बऱ्याच वर होतो. तारा संशयातून सुटल्या.

हेडच्या पोटात काय काय असतं

आता हेड खाली काढलं. एकट्याने करू नका, जुन्या हेडमध्ये लोखंड आणि तांबं भरपूर असतं आणि शिडीवर ते पेलत नाही. मेन बंद, ब्रेकरवर चिठ्ठी, घरातल्या पोरांना ताकीद.

रचना एकदा समजली की सोपी आहे. मागचा अर्धा भाग विजेचा, पुढचा अर्धा उजेडाचा. मागे पाइप आवळणारी पकड, टर्मिनल ब्लॉक, चोक, इग्नायटर, गरज असेल तिथे कॅपॅसिटर. पुढे होल्डर, चकचकीत अॅल्युमिनियमचा रिफ्लेक्टर आणि खाली बिजागरीवर उघडणारी काचेची वाटी. वाटीच्या आतल्या बाजूला लोलकासारख्या रेघा असतात. उजेड रस्त्याच्या लांबीत पसरवण्याचं अर्धं काम त्या करतात, अर्धं रिफ्लेक्टर करतो. वाटी आणि रिफ्लेक्टर यांच्यामध्ये फेल्टचं गॅस्केट. हे हेड रोज श्वास घेतं: रात्री तापलं की हवा बाहेर, पहाटे निवलं की हवा आत. फेल्ट शाबूत असेल तर गाळलेली हवा आत येते, विरलं असेल तर धूळ, चिलटं आणि कोळ्यांची जाळी. आमच्याकडे तिन्ही होतं.

वर माथ्यावर फोटोसेलची बैठक. तीन पाती, तिन्ही सारखी नाहीत, त्यामुळे चुकीची बसतच नाहीत. काळी तार येणारी, पांढरी न्यूट्रल, लाल दिव्याकडे जाणारी. बैठकीवर उत्तर दिशेची खूण असते. खिडकी उत्तरेकडे ठेवायची, म्हणजे थेट ऊन डोळ्यात जात नाही. ही तीन पात्यांची बैठक इतकी वर्षं तशीच चालत आलीय की जुन्या हेडवर आजचा फोटोसेल बसतो. इथली मला आवडलेली अक्कल ही आहे: जे लवकर मरतं ते हत्याराशिवाय बदलता यावं.

आप्पांना हे सगळं गंमतीचं वाटलं. त्यांच्या नोकरीच्या सुरुवातीला गावातले दिवे संध्याकाळी सायकलवरून जाऊन खांबाखांबावरच्या स्विचने लावायचे. प्रत्येक दिव्याला स्वतःचा डोळा ही त्यांना श्रीमंती वाटली.

चोक पाहून मात्र त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आपल्याकडे २३० व्होल्ट असल्याने मर्क्युरी (पाऱ्याच्या वाफेचा दिवा) असो की सोडियम, एक सरळ चोक भागवतो. अमेरिकेत घरात येतात १२०. मर्क्युरीच्या दिव्याला स्वतःलाच १३० च्या आसपास लागतात, म्हणजे १२० वर तो चोकने जळूच शकत नाही. आधी व्होल्टेज चढवावा लागतो, म्हणून चोक आणि ट्रान्सफॉर्मर एकाच लोखंडावर गुंडाळलेले असतात, बरेचदा दिव्याच्या वाटेत कॅपॅसिटरही असतो. वजन त्यामुळे. सोडियम आला तेव्हा इथल्या लोकांनी दुसरी युक्ती केली: १५० वॅटपर्यंतचे दिवे ५५ व्होल्टचे बनवले, म्हणजे १२० वर साधा चोक पुरतो. आपल्याकडचा आणि युरोपातला १५० वॅटचा सोडियम १०० व्होल्टचा असतो. दोघांवरही १५० लिहिलेलं असतं, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. इथल्या चोकवर आणि बल्बवर एस-५५ असा खुणेचा आकडा जुळतोय ना, ते बघायचं.

थोडं विषयांतर. क्लीव्हलंडच्या पब्लिक स्क्वेअरमध्ये चार्ल्स ब्रशने २९ एप्रिल १८७९ ला बारा आर्क दिवे लावले, तेव्हापासून या देशात ‘एक विझला तर काय’ हा प्रश्न दिव्याच्या रचनेतच बसलेला आहे. ते दिवे एका माळेत असत. नंतर साध्या तारेचे बल्ब रस्त्यावर आले, तेही कित्येक दशकं ६.६ अँपिअरच्या माळेतच जळत. एक बल्ब गेला की अख्खी गल्ली अंधारात जाऊ नये म्हणून होल्डरमागे नाण्याएवढी पातळ चकती बसवत. बल्ब तुटला की सगळा व्होल्टेज त्या चकतीवर येई, ती फुटून वाट जोडली जाई आणि बाकीची माळ चालू राही. बल्ब बदलताना चकतीही नवी. जुन्या बाजारात कधी अशी चकती सापडली तर भोक पडलेली आहे का बघा. पडलेली असेल तर तिने एकदा आपलं काम केलंय.

निळ्यावर पिवळा

हेड कट्ट्यावर उलटं ठेवून पुसताना आप्पांचं लक्ष खालच्या चिकटपट्टीकडे गेलं. पिवळी, त्यावर काळा १५. इथल्या रिवाजात रंग दिव्याची जात सांगतो आणि आकडा वॅटचा दहावा हिस्सा. पिवळा सोडियम, निळा मर्क्युरी, लाल मेटल हॅलाइड. खालून रस्त्यावरून वाचता यावं यासाठी ही सोय. पिवळी पट्टी एका कोपऱ्यात सुटली होती आणि तिच्याखालून निळा डोकावत होता. सोलली. निळ्यावर ४०.

“हे तर चारशेचं मर्क्युरी होतं,” आप्पा म्हणाले.

सगळा उलगडा इथेच होता, पण मला कळायला संध्याकाळ झाली.

कुणीतरी कधीतरी या हेडमधला मर्क्युरीचा सरंजाम काढून १५० च्या सोडियमचा चोक आणि इग्नायटर बसवला होता. विजेचं काम चोख केलं होतं. जोड पक्के, रंग बरोबर. पुढच्या अर्ध्या भागाला मात्र हात लावला नव्हता. होल्डर होता तिथेच. आता, ४०० वॅटचा मर्क्युरी बल्ब मोठा असतो, बुडापासून उजेडाच्या मध्यापर्यंत सात इंच. १५० च्या सोडियमचं तेच अंतर पाच इंच. म्हणजे ज्योत रिफ्लेक्टरच्या ठरलेल्या जागेपेक्षा दोन इंच मागे बसली होती, वळणाच्या खोल भागात, जिथून उजेड बाहेर पडण्याऐवजी परत नळीवरच येतो.

मर्क्युरीला याने फारसं काही झालं नसतं. त्याच्या नळीतला पारा जळताना सगळाच्या सगळा वाफ झालेला असतो, त्यामुळे थोडी उष्णता वाढली तरी व्होल्टेज फारसा हलत नाही. सोडियमचं तसं नाही. त्याच्या नळीत सोडियम आणि पाऱ्याचं मिश्रण गरजेपेक्षा जास्त घातलेलं असतं, आणि जास्तीचं मिश्रण नळीच्या सगळ्यात थंड टोकाला थेंब होऊन बसतं. त्या टोकाचं तापमान किती, त्यावर वाफेचा दाब ठरतो आणि दाबावर दिव्याचा व्होल्टेज. टोक तापलं की व्होल्टेज चढलाच. आणि गरम सोडियम काचेला आणि क्वार्ट्झला खातो म्हणून ही नळी अर्धपारदर्शक अॅल्युमिनाची असते. जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट कोबल यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ती घडवली, तेव्हा कुठे पुढच्या दशकाच्या मध्यात असा दिवा बाजारात येऊ शकला. नळी टिकाऊ आहे, थेंब नाजूक आहे.

विझण्याचं कारणही त्यातच आहे. ६० हर्ट्झवर ज्योत सेकंदाला १२० वेळा मावळते आणि १२० वेळा पुन्हा धरते. दिव्याचा व्होल्टेज चढत गेला की चोककडे पुन्हा पेटवायला जोर उरत नाही आणि एका फेऱ्यात ज्योत सुटते. म्हाताऱ्या बल्बमध्ये नळीची टोकं काळवंडतात, उष्णता धरून ठेवतात आणि व्होल्टेज वर्षागणिक चढतो. ही सहा वर्षांची चढण आमचा रिफ्लेक्टर पहिल्याच दिवशी अर्धी चढवून देत होता.

मोजून पाहिलं

इथे जपून. इग्नायटर अडीच हजार ते चार हजार व्होल्टचे ठोके देतो. तो चालू असताना होल्डरवर मल्टिमीटर लावला की मल्टिमीटर मेला, आणि हात निसटला तर तुम्हीही. मी कट्ट्यावर इग्नायटरच्या एका तारेत तात्पुरता स्विच घातला. दिवा पेटला की आधी स्विच उघडायचा, मगच मीटरची टोकं लावायची. दिवा मधेच विझला तर टोकं काढल्याशिवाय स्विच मिटायचा नाही. हे जमणार नसेल तर मोजू नका, पुढचा उपाय मोजल्याशिवायही करता येतो.

नवा बल्ब. प्रत्येक वेळी अर्धा तास तापवून आकडा घेतला. रिफ्लेक्टर आणि वाटी पूर्ण काढून: ५५ व्होल्ट, अगदी पुस्तकी. रिफ्लेक्टर आणि वाटी लावून, होल्डर होता त्या जागी: ७२. आप्पांनी आकडा वाचला आणि मला पुन्हा वाचायला लावला.

होल्डरची पट्टी बघितली तर तिला तीन भोकं होती. जुन्या हेडमध्ये बहुतेक असतात. रस्ता रुंद की अरुंद, त्याप्रमाणे उजेडाचा पसारा बदलता यावा म्हणून होल्डर पुढे-मागे सरकवायची ती सोय. आमचा सगळ्यात मागच्या भोकात होता. मधल्यात घातला: ६५. पुढच्यात: ६०. हेड बनवणाऱ्यांनी उपाय आतच ठेवला होता, दोन स्क्रू ढिले करायचे होते इतकंच.

६० पेक्षा खाली आलं नाही. भोकं संपली. नवी पट्टी कापून अजून अर्धा इंच पुढे नेता येईल, पण तेवढा खटाटोप केला नाही. तिथेच थांबलो.

होल्डर तसाही बदलला. जुना मर्क्युरीच्या काळातला, आणि मर्क्युरीला इग्नायटर लागत नसल्याने त्या होल्डरवर ठोक्यांचा विचार केलेला नसतो. पोर्सेलीनवर केसाएवढी काळी रेघ उमटली होती, म्हणजे ठोका बल्बमध्ये जाण्याऐवजी तिथून पळायला लागला होता. सोडियमसाठी ठोके सहन करणारा होल्डर मागून घ्या, अशा होल्डरवर तसं लिहिलेलं असतं. आणि मधली, म्हणजे बुडाची टिकली, चोककडून येणाऱ्या तारेला जोडा, आट्यांची बाजू न्यूट्रलला. उलटं झालं तर ठोका आट्यांवर येतो आणि बल्ब बदलताना बोटं तिथेच असतात.

आत हात घालण्याआधी

चोकच्या मागे, फेल्टच्या तुकड्याखाली, एक जुना पत्र्याचा कॅपॅसिटर निघाला. मर्क्युरीच्या वेळचा, तारा कापून तिथेच सोडलेला. अमेरिकेत १९७९ च्या आधीच्या अशा कॅपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी तेल असण्याची दाट शक्यता असते. त्यानंतरच्यांवर पीसीबी नाही असं ठळक छापलेलं असतं. आमच्यावर काही छापलेलं नव्हतं. तळाशी ओशट डाग होता. हातमोजे, जाड पिशवी, झाकणाची बादली, आणि काउंटीच्या घातक कचऱ्याच्या दिवशी तिकडे. साध्या कचऱ्यात टाकायचा नाही, आणि उत्सुकतेपोटी उघडायचा तर मुळीच नाही.

होल्डरच्या जुन्या तारांवर पांढरट विणलेलं आवरण असेल तर ते अॅस्बेस्टॉस असू शकतं. खरवडू नका, सोलू नका. ओलं करून अख्खी तारच काढा आणि तीही त्याच बादलीच्या सोबतीला ठेवा.

शेजाऱ्यांनी सुचवलं होतं की हे सगळं काढून आट्यांचा एलईडी घाल. घालता येतो, वीजही कमी लागते. पण तो रिफ्लेक्टर एका बोटाएवढ्या ज्योतीसाठी वळवलेला आहे. मक्याच्या कणसासारखा एलईडी आत उभा केला की उजेड वाटेवर कमी आणि झाडांवर जास्त जातो. शिवाय चोक आणि इग्नायटर तारांतून वगळायला लोक विसरतात, आणि मग ते चार हजारांचे ठोके एलईडीला बसतात. ज्यांना करायचंय त्यांनी करावं. मला तो सोनेरी रंग हवा होता.

मर्क्युरीच परत बसवावा असंही मनात आलं. १ जानेवारी २००८ पासून अमेरिकेत मर्क्युरीचे नवे चोक बनवायला आणि आणायला बंदी आहे, बल्बना नाही. म्हणजे जुना चालू चोक मिळाला तरच, आणि चारशे वॅट आमच्या वाटेला काय करायचेत?

आप्पांचा प्रश्न

निघायच्या आधी त्यांनी विचारलं, असं एक हेड पुण्याला नेलं तर? मी तेव्हा हसलो, पण तसं विचारणारे तुमच्यातही असतील. नुसतं हेड न्या, चोक नेऊ नका. इथला १२० चा चोक आपल्या २३० वर लावायचा प्रश्नच नाही. २४० चा असला तरी तो ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला आहे. ५० वर त्याचा अडसर सहाव्या हिश्शाने कमी होतो, दिव्यात प्रवाह वाढतो, चोक तापतो आणि बल्ब लवकर जातो. चोक, इग्नायटर, बल्ब तिघेही तिकडचे घ्या. होल्डरही तिकडचाच. इथल्या आट्या ३९ मिलिमीटरच्या, आपल्याकडच्या ४० च्या, आणि आपला बल्ब इथल्या होल्डरमध्ये नीट उतरत नाही. मग होल्डर पुढे-मागे करून ज्योत मूळ जागेवर येते का ते बघा, कारण तिकडचा बल्बही लांबीला वेगळा असणार.

हेड परत चढवून आता अकरा महिने झाले. फेल्ट नवं, वाटी धुतलेली, फोटोसेल जुनाच, कारण तो बिचारा कधीच बिघडला नव्हता. गेल्या रविवारी रात्री मी खुर्ची टाकून दोन तास बसलो, पाकीट आणि पेन घेऊन. दोन तासांत एकदाही विझला नाही. आप्पांना फोन केला तर म्हणाले, दोन तास काय, रात्रभर बसा, आणि पंप सुरू करून बघितलात का?

नव्हता केला. काल केला. दिवा लवला, गेला नाही.